निळ्या लाटा आणि न दिसणारं विष

आजचा भाग औंधातून. इथं यमाईच्या डोंगरावर चढलं तरी समुद्र काही दिसत नाही. पण सुट्टी लागली की आपल्याकडची पोरं कुंभार्ली घाट उतरून कोकणात, आणि रात्री किनाऱ्यावर निळ्या लाटांचं रील करायला हजर! नोव्हेंबर २०२० मध्ये देवगड, रत्नागिरी, जुहू इथं अशा लाटा दिसल्याच्या बातम्या तुम्हीही पाहिल्या असतील.

ही करामत बहुतेक वेळा नॉक्टिल्युका सिंटिलान्स या जीवाची असते. आकार ०.२ ते २ मिलिमीटर. भिजलेल्या साबुदाण्यासारखा गोल आणि पारदर्शक, पण त्याहून बारीक. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी. एका बाजूला खाच, तिथं सोंडेसारखा धागा. त्यानं तो खाणं आत ओढतो. लाटेचा किंवा आपल्या पायाचा धक्का बसला की क्षणभर निळा चमकतो. असे लाखो एकदम चमकले की लाट पेटल्यासारखी दिसते.

मग हा विषारी का? स्वतः विष बनवत नाही. पण तरंगत राहायला पेशीत अमोनियम साठवतो. थवेच्या थवे मेले की ते पाण्यात मिसळतं, कुजताना ऑक्सिजनही संपतो, आणि मासे मरतात.

खरा धोका त्याच्या भाऊबंदांचा, म्हणजे अलेक्झांड्रियमचा. हा जेमतेम ०.०२ ते ०.०५ मिलिमीटरचा, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. अंगावर सेल्युलोजच्या तुकड्यांचं चिलखत, पोहायला दोन शेपट्या. याच्या काही जाती सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष बनवतात. तिसऱ्या, कालवं, शिनाणे पाणी गाळून खातात, त्यामुळे हे विष त्यांच्यात साठतं. खाणाऱ्याच्या ओठांना मुंग्या येतात, हातपाय बधिर होतात, आणि जास्त झालं तर श्वासच थांबतो. १९८३ मध्ये मंगळूरजवळ शिंपल्या खाऊन अशी विषबाधा झाली होती.

आता नीट ऐका. हे विष शिजवून जात नाही. त्यावर उतारा नाही. दवाखान्यात वेळेवर श्वासाला आधार मिळाला तर माणूस वाचतो. पाण्याचा रंग बदललेला दिसला तर तिथल्या शिंपल्या वेचू नका. पण पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून निर्धास्तही राहू नका, कारण थोड्या पेशींनी पाण्याचा रंग बदलत नाही. खाल्ल्यावर ओठांना मुंग्या आल्या, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

निळ्या लाटा मात्र डोळे भरून बघा. भेटूया पुढच्या भागात!