चार भागांची पिन आणि फोनचा आवाज

मोबाइलच्या खोक्यात पूर्वी हमखास मिळणारा वायरचा हेडसेट बहुतेक कंपन्यांनी देणे बंद केले असले, आणि २०१६ मध्ये मोटो झेड व आयफोन ७ या फोनांपासून ३.५ मिलिमीटरचे गोल छिद्रही महागड्या फोनांवरून नाहीसे होऊ लागले असले, तरी वायरच्या हेडसेटची गरज संपलेली नाही. ब्लूटूथने आवाज पाठवताना तो आधी आकुंचित करावा लागतो, मग हवेतून पाठवून पुन्हा उलगडावा लागतो, आणि यात साधारणपणे सेकंदाचा एक-दोन दशांश भाग जातो; त्यामुळे कानात लेहरा ऐकत फोनवरच तबला ध्वनिमुद्रित करणाऱ्याचे वादन लेहऱ्याच्या मागे पडलेले आढळते. शिवाय ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की जुन्या पद्धतीच्या जोडणीत ऐकू येणारा आवाजही स्टिरिओ राहत नाही आणि त्याचा दर्जा एकदम खालावतो. वायरच्या हेडसेटला हे दोन्ही दोष नाहीत, त्याला बॅटरी लागत नाही आणि तो दुरुस्त करता येतो. तरीही तो घेतल्यावर अनेकांची निराशा होते. तिचे कारण बहुधा हेडसेटची किंमत नसून फोनशी आणि कानाशी त्याची न झालेली जुळणी हे असते.

ही जुळणी पिनेपासून सुरू होते. जाड, ६.३५ मिलिमीटरची पिन एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधील जोडण्यांसाठी आली, तिचे ३.५ मिलिमीटरचे धाकटे रूप ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर रुळले आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने ते स्टिरिओ रूपात घरोघर नेले. त्या पिनेवर तीन धातूचे भाग होते : टोकाचा डाव्या कानासाठी, मधला उजव्या कानासाठी आणि बुडाचा दोन्ही कानांच्या सामाईक परतीच्या तारेसाठी, जिला कारागीर ‘ग्राउंड’ किंवा ‘अर्थ’ म्हणतात. मोबाइलला माइकही हवा असल्याने चौथा भाग वाढला. म्हणून फोनच्या हेडसेटच्या पिनेवर दोनऐवजी तीन विलगक पट्ट्या दिसतात. मात्र हा चौथा भाग कोठे ठेवावा यावर एकमत झाले नाही. ओएमटीपी नावाच्या जुन्या मांडणीत टोकापासून तिसरा भाग माइकचा आणि बुडाचा भाग ग्राउंडचा होता, तर सीटीआयए या मांडणीत नेमके उलट, तिसरा ग्राउंडचा आणि बुडाचा माइकचा. नोकियाचे जुने फोन पहिल्या मांडणीचे, अ‍ॅपलचे दुसऱ्या; आज गोल छिद्र असलेले फोन जवळजवळ सर्वच सीटीआयए मांडणी पाळतात, परंतु जुने हेडसेट आणि सुट्या मिळणाऱ्या स्वस्त वायरी अजूनही दोन्ही प्रकारच्या आढळतात.

चुकीची मांडणी जोडली गेल्यास जे घडते ते लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण त्यावरून दोष कानानेच ओळखता येतो. अशा वेळी दोन्ही कानांची सामाईक परतीची वाट तुटते, किंवा माइकमधून अतिशय अडखळत जाते. मग वीजप्रवाहाला डाव्या स्पीकरमधून उजव्या स्पीकरमध्ये एवढाच मार्ग उरतो आणि ऐकू येतो तो डाव्या व उजव्या आवाजांमधील फरक. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणात सहसा मध्यभागी, म्हणजे दोन्हींकडे सारखाच ठेवलेला असल्याने तो वजा होऊन जातो, खर्जही क्षीण होतो आणि मागे पोकळ, दूरवरून आल्यासारखी साथ उरते. हेडसेटवरील बटण दाबून धरल्यावर गाणे पूर्ववत होत असेल, तर मांडणी उलटी आहे असे समजावे, कारण ते बटण माइक व ग्राउंड यांना थेट जोडते. मांडणी बदलून देणारी छोटी जोडवायर अशा वेळी पुरते. बटण दाबूनही फरक पडत नसेल आणि वायर हलवल्यावर गायक येत-जात असेल, तर पिनेजवळ ग्राउंडची तार तुटलेली असते. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी चांगले हेडसेट कचऱ्यात जातात, ही खरोखर हळहळण्याजोगी गोष्ट आहे.

बटणांचे कामही याच माइकच्या तारेवर चालते. अँड्रॉइडच्या ठरलेल्या पद्धतीत प्रत्येक बटण माइकच्या तारेला वेगळ्या रोधामार्फत ग्राउंडशी जोडते : फोन उचलण्याचे बटण जवळजवळ शून्य ओहम, आवाज वाढवण्याचे २४० आणि कमी करण्याचे ४७० ओहम. अ‍ॅपलच्या हेडसेटमध्ये आवाजाच्या बटणांसाठी वेगळी संकेतपद्धत आणि चिप असते, म्हणून तो अँड्रॉइड फोनला लावल्यास मधले बटण चालते, पण आवाजाची बटणे मुकी राहतात.

गोल छिद्र नसलेल्या फोनला टाइप-सीचा जोड लागतो आणि येथे ग्राहकाची सर्वांत जास्त फसगत होते. बाहेरून सारखे दिसणारे जोड दोन जातींचे असतात. एका जातीत नुसत्या तारा असतात आणि ध्वनीची विद्युतलहर फोननेच टाइप-सीच्या वाटेने बाहेर काढावी अशी अपेक्षा असते. सॅमसंग व गुगलच्या फोनांसह अनेक फोन तसे करत नाहीत, त्यामुळे तो जोड तेथे गप्प बसतो. दुसऱ्या जातीत ‘डॅक’ नावाची चिप असते, जी फोनकडून आकड्यांच्या रूपात आलेल्या संकेताची विद्युतलहर स्वतः तयार करते. खरेदी करताना डॅक असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहून दुसऱ्या जातीचाच जोड घ्यावा.

यानंतर प्रश्न येतो तो आवाज पुरेसा मोठा होण्याचा. हेडफोनच्या माहितीपत्रकात संरोध, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये दिलेला असतो, आणि संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर मिळणारी ध्वनिपातळी, डेसिबलमध्ये. फोनने सुमारे अर्धा व्होल्ट दिला, तर ३२ ओहमच्या हेडफोनला जवळपास ८ मिलिवॉट शक्ती मिळते, पण सेनहायझरच्या एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला एक मिलिवॉटही मिळत नाही. दोघांची प्रतिमिलिवॉट संवेदनशीलता सारखी धरली, तरी दुसऱ्याचा आवाज सुमारे १० डेसिबलने कमी, म्हणजे कानाला साधारण निम्मा वाटतो. त्यामुळे थेट फोनला लावण्यासाठी १६ ते ६० ओहमचे हेडफोन घेणे शहाणपणाचे ठरते. संवेदनशीलतेचा आकडा वाचतानाही तो प्रतिमिलिवॉट आहे की प्रतिव्होल्ट हे पाहावे, कारण १६ ओहमच्या इअरफोनचे प्रतिमिलिवॉट १०० डेसिबल आणि प्रतिव्होल्ट ११८ डेसिबल या एकाच वस्तूच्या दोन नोंदी आहेत आणि जाहिरातीत साहजिकच मोठा आकडा झळकतो.

याहूनही अधिक फरक पडतो तो कानातील बसण्याने. कानाच्या नळीत शिरणाऱ्या इअरफोनची सिलिकॉनची टोपी नीट बसली नाही, तर फटीतून खालचे स्वर निसटतात आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा हरवून नुसती कर्कश किनार उरते. ग्राहक मात्र इअरफोनलाच दोष देतो. बरोबर येणाऱ्या लहान-मोठ्या टोप्या दोन्ही कानांत स्वतंत्रपणे लावून पाहाव्यात, कारण दोन्ही कानांना वेगळे माप लागणे मुळीच विरळा नाही. नीट बसलेली टोपी बाहेरचा गोंगाटही अडवते आणि लोकलमध्ये किंवा बसमध्ये आवाज चढवण्याची गरज कमी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, आणि पातळी दर ३ डेसिबलने वाढली की हा काळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे अवघे ५ तास उरतात. रहदारीच्या रस्त्यावर मात्र कान असे बंद करणे धोक्याचे असल्याने तेथे १९८४ पासून विकल्या जाणाऱ्या कॉसच्या पोर्टा प्रोसारखे उघड्या घडणीचे, कानावर टेकणारे हेडफोन बरे.

ज्याच्याकडे चांगला पण बिनमाइकचा हेडफोन आहे, त्याला नवा हेडसेट घेण्याची गरज नसते. तीन भागांची पिन फोनमध्ये लावल्यास बुडाचा भाग माइक व ग्राउंड यांना एकत्र जोडतो, फोन ते ओळखतो आणि स्वतःचा माइक वापरतो, त्यामुळे फोन समोर ठेवून केलेल्या संभाषणाला काही अडत नाही. हेडफोनची वायर सुटी होणारी असेल, तर तिच्याऐवजी माइक असलेली वायर लावावी. ती नसेल, तर एका बाजूला चार भागांची पिन आणि दुसऱ्या बाजूला हेडफोन व माइक यांची वेगळी छिद्रे असलेली दुफाटी वायर घेऊन कॉलरला लावायचा माइक जोडता येतो. हा शेवटचा मार्ग दिसायला अवजड असला, तरी बोलणे स्वच्छ पोहोचवण्यात सहसा सर्वांत सरस ठरतो, कारण माइक तोंडाजवळ एका जागी राहतो.

तुटलेल्या पिनेच्या दुरुस्तीत सोल्डरिंगचे, म्हणजे डाख देण्याचे काम येते. चार भागांची सुटी पिन पुण्यातील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. जुनी पिन तीन-चार सेंटिमीटर वायरीसह कापून टाकावी आणि नव्या पिनेचे कवच आधीच वायरीत ओवून ठेवावे, कारण डाख दिल्यावर ते घालता येत नाही. आतील केसासारख्या तांब्याच्या तारांवर रंगीत लाखेचा लेप असतो. तो गरम कथिलात थोडा वेळ जाळल्याखेरीज डाख धरत नाही, आणि सोल्डरिंग करूनही आवाज न येण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. लाल तार बहुधा उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची आणि तांब्याच्या रंगाची ग्राउंडची असते, पण सर्व कंपन्या हे पाळत नाहीत, म्हणून मल्टिमीटरने खात्री करावी : कानाची तार आणि ग्राउंड यांमध्ये संरोधाच्या जवळपासचा रोध दिसतो आणि स्पर्श होताच त्या कानात बारीकशी खरखर ऐकू येते. पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून डाख दिल्यास आतील प्लॅस्टिक वितळले तरी तिचे भाग वाकडे होत नाहीत. माइकही बदलायचा असेल, तर त्याच्या दोन टोकांपैकी जे धातूच्या कवचाला बारीक पट्ट्यांनी जोडलेले दिसते ते ग्राउंडकडे जावे, कारण या माइकच्या आत एक छोटा ट्रान्झिस्टर असतो आणि उलटी वीज मिळाल्यास तो नीट काम करत नाही. कवच बसवण्यापूर्वी वायर थोडी वाकवून एखादे ओळखीचे गाणे ऐकावे, फोनच्या रेकॉर्डरवर दोन वाक्ये बोलून तपासावीत आणि मगच पिनेचे आटे घट्ट आवळावेत.