सिकलसेल, झाडपाला आणि संमतीपत्रावरची सही

सिकलसेल विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना नवा नाही. आदिवासी समाजाबरोबरच बौद्ध समाजातही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. तिवसा तालुक्यात काम करताना आम्हाला दिसते, की दवाखान्याची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू असली तरी अनेक घरांत काढा, पुडी किंवा होमिओपॅथीची औषधेही असतात. अशा घरी आयुर्वेदिक औषधाच्या क्लिनिकल ट्रायलचा विषय निघाला तर उत्तर येते, "झाडपाल्याचंच त आहे, त्यानं काय होते?" ट्रायल अ‍ॅलोपॅथीची असेल तर तीच माणसे म्हणतात, "आमच्यावर प्रयोग करता काय?"

हा होकार आणि हा नकार, दोन्ही माहितीशिवाय दिलेले आहेत.

आधी होकाराबद्दल. झाडपाला म्हणजे निर्धोक, हा समज बरोबर नाही. पुण्यातील डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवातावर आयुर्वेदिक औषधांची मोठी ट्रायल केली. ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. दुखणे कमी करण्यात ही औषधे आधुनिक औषधांच्या बरोबरीची ठरली. पण काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एसजीपीटी वाढले आणि औषध थांबवल्यावर उतरले. नियमित रक्ततपासणी होती म्हणूनच ते कळले. घरच्या पुडीवर अशी नजर कोण ठेवतो?

आता नकाराबद्दल. भीतीला कारण आहे. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात मुलींवर राबवलेल्या एचपीव्ही लस प्रकल्पात पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे चौकशीत उघड झाले. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. तरीही ट्रायलच नको म्हणणे परवडणारे नाही. हायड्रॉक्सीयुरियाने सिकलसेलचे वेदनेचे झटके कमी होतात, हे 1995 मध्ये सिद्ध झाले ते अमेरिका आणि कॅनडातील 299 रुग्ण ट्रायलमध्ये सहभागी झाले म्हणून. नायजेरियात ज्वारी आणि लवंग यांच्यासह चार वनस्पतींपासून 'निप्रिसान' हे औषध पारंपरिक नुस्ख्यावरून तयार झाले. ट्रायलमध्ये सहा महिन्यांत तीव्र वेदनेचे झटके कमी दिसले, पण रक्तक्षय सुधारला नाही. औषध काय करते आणि काय करत नाही, हे ट्रायलशिवाय समजले नसते.

म्हणून सही किंवा अंगठ्याआधी हे विचारा :

• ट्रायलची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद आहे का? क्रमांक काय? तो इंटरनेटवर कुणालाही तपासता येतो.
• नैतिकता समितीने मंजुरी दिली आहे का?
• सुरू असलेले औषध बंद करायला सांगणार का? सिकलसेलमध्ये हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.
• काही रुग्णांना औषध नसलेली, फक्त तशीच दिसणारी गोळी मिळणार का?
• त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार?
• मध्येच बाहेर पडता येईल ना? हा रुग्णाचा हक्क आहे. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

संमतीपत्र मराठीत मागा, त्याची प्रत घरी ठेवा. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. मूल असेल तर आईवडिलांची संमती लागतेच, शिवाय 12 ते 18 वर्षांच्या मुलामुलींची स्वतःची लेखी सहमतीही घ्यावी, असे आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

ट्रायलमध्ये पैसे द्यावे लागत असतील, किंवा सिकलसेल मुळापासून बरा करण्याची हमी कुणी देत असेल, तर तिथेच थांबा. हमी असती तर ट्रायलची गरजच पडली नसती.

कोणी आदरणीय व्यक्ती सांगते एवढ्यावरून मानू नका, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण विहारात ऐकतो. ती डॉक्टर, वैद्य आणि आम्हा कार्यकर्त्यांनाही लागू आहे. त्यामुळे रुग्णाला "जा" किंवा "जाऊ नका" सांगणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. त्याच्याशेजारी बसून कागद पूर्ण वाचून दाखवा, घरी विचार करायला वेळ मागून घ्या. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या.

जय भीम!