कपाटाचा माथा आणि लाकडाची चाल

मोठ्या लाकडी कपाटाच्या माथ्यावर, दर्शनी बाजूने आणि दोन्ही बगलांनी, बाहेर झुकत जाणारी जी घडीव पट्टी बसवलेली असते तिला क्राउन मोल्डिंग म्हणतात. ही पट्टी केवळ शोभेची मानली जात असली, तरी कारागिराच्या जाणतेपणाची खरी कसोटी तिथेच लागते. कारण पट्टी आणि ती ज्या फळीवर बसते ती फळी, दोन्ही एकाच जातीच्या लाकडाच्या असल्या तरी हवेतील ओलाव्यामुळे त्यांच्यात होणारे बदल सारखे नसतात.

या पट्टीचे मूळ प्राचीन ग्रीक आणि रोमन वास्तूंच्या कॉर्निसमध्ये, म्हणजे स्तंभांवरील आडव्या रचनेच्या सर्वांत वरच्या, पुढे झुकलेल्या थरात सापडते. पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकणे हे कॉर्निसचे काम होते. घरातील कपाटाला त्याची गरज नसली, तरी उंच वस्तूला माथा देऊन तिची प्रमाणे पूर्ण करण्यासाठी युरोपीय कारागिरांनी ते रूप उचलले. थॉमस चिपेंडेल याने लंडनमध्ये 1754 साली प्रसिद्ध केलेल्या ‘द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डिरेक्टर’ या ग्रंथाची सुरुवातच स्तंभांच्या पाच अभिजात रचनांच्या चित्रांनी होते, यावरून हे नाते किती जाणीवपूर्वक जपले जात होते ते कळते. आत वळलेला कोव्ह, बाहेर फुगलेला ओव्होलो, दोन्ही वळणे एकत्र करणारा ओजी आणि दातांच्या ओळीसारखा डेंटिल हे घटक आजही त्याच परंपरेतून घेतले जातात.

यंत्रे येण्यापूर्वी हे आकार रंध्याने काढले जात. रुंद मोल्डिंगचा रंधा ओढायला एका माणसाचे बळ पुरत नसे, म्हणून पुढून दोरीने ओढणारा आणि मागून दिशा सांभाळणारा अशी जोडी कामाला लागे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील रेंथम येथे फ्रान्सिस निकल्सन आणि त्याने गुलाम म्हणून ठेवलेला सीझर चेलर असे रंधे बनवीत. 1753 साली निकल्सनच्या मृत्यूनंतर चेलर मुक्त झाला आणि पुढे स्वतःच्या नावाचा शिक्का मारून रंधे बनवू लागला.

आजचे मोल्डिंग बहुधा यंत्रावर घडते आणि पाठ भिंतीशी तिरपी राहील असे बसवले जाते. या तिरपेपणाला स्प्रिंग अँगल म्हणतात आणि तो सामान्यतः 38 किंवा 45 अंशांचा असतो. 38 अंशांची पट्टी करवतीच्या टेबलावर आडवी ठेवून काटकोनी कोपऱ्यासाठी कापायची, तर टेबलाचा कोन 31.6 आणि पात्याचा कल 33.9 अंश ठेवावा लागतो. याऐवजी पट्टी उलटी धरून, टेबलाला छत आणि मागच्या आधाराला भिंत मानून कापली, तर साधा 45 अंशांचा काप पुरतो. दर्शनी पट्टी आणि दोन्ही बगलांच्या पट्ट्या एकाच लांब तुकड्यातून क्रमाने कापल्यास लाकडाच्या रेषा कोपरा ओलांडून सलग धावतात. दर्शनी पट्टीची लांबी मात्र टेपने न मोजता पट्टी प्रत्यक्ष कपाटाला लावूनच आखावी लागते.

सर्वांत नाजूक प्रश्न बगलेच्या फळीचा असतो. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, रेषांच्या लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत रेड ओक स्पर्शरेषीय दिशेने, म्हणजे वार्षिक वलयांच्या कडेने, 8.6 टक्के आणि साग 5.8 टक्के आकसतो, तर लांबीत घट होते ती सामान्यतः 0.1 ते 0.2 टक्केच. बगलेच्या फळीतील रेषा उभ्या असल्यामुळे तिची रुंदी बदलते. तिच्यावरील पट्टीच्या रेषा आडव्या असल्यामुळे पट्टीची लांबी तशीच राहते. वार्षिक वलयांच्या कडेने चिरलेल्या, 560 मिलिमीटर रुंदीच्या रेड ओकच्या फळीतील ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर रुंदीत सुमारे 8 मिलिमीटरचा फरक पडतो. अशा वेळी पट्टी सबंध लांबीभर सरसाने चिकटवलेली असेल, तर फळी तडकते किंवा कोपऱ्याचा सांधा उघडतो.

यावरचा उपाय पट्टी जागोजाग मोकळी सोडण्यात आहे. सरस कोपऱ्याच्या सांध्याला आणि बगलेच्या पुढच्या सुमारे 75 मिलिमीटर भागालाच लावतात; मागचा भाग कपाटाच्या आतून, लांबट छिद्रातून घातलेल्या स्क्रूने धरतात, म्हणजे फळी मागच्या दिशेने सरकली तरी स्क्रू तिला अडवत नाही आणि सगळी हालचाल डोळ्यांना न दिसणाऱ्या टोकाला जाते. सतराव्या शतकातील नेदरलँड्समधील कास्ट नावाच्या अवजड कपाटांत याहून धीट मार्ग दिसतो: माथ्याचे मोल्डिंग स्वतंत्र चौकटीवर घडवून ते कपाटावर नुसते टेकवले जाई, त्यामुळे लाकडाला मोकळीक मिळे आणि स्थलांतराच्या वेळी कपाट सुटे करता येई.

प्लायवूडमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असल्याने हा ताण जवळजवळ नाहीसा होतो आणि पट्टी पूर्ण चिकटवता येते. मात्र जिथे पावसाळ्याची दमट हवा आणि उन्हाळ्याची कोरडी झळ यांत मोठे अंतर असते, तिथे भरीव सागाचे मोठे कपाट करवून घेणाऱ्याने मोल्डिंगच्या नक्षीबरोबरच बगलेचा मागचा भाग कशाने धरला आहे याचीही चौकशी करावी. कपाट पुढची अनेक वर्षे न तडकता उभे राहील की नाही, हे त्या एका उत्तरावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.