स्टिअरिंग अचानक जड झालं? खर्चाला होकार देण्याआधी बॅटरी बघा

दिंडोरी : मागच्या पावसाळ्यात नांदुरीहून सप्तशृंगी गडावर निघालो होतो. गाडीत आई आणि पोरं. घाटातल्या एका वळणावर मीटरमध्ये स्टिअरिंगचं चित्र आणि उद्गारचिन्ह असा दिवा लागला आणि स्टिअरिंग एकदम जड. कशीबशी गाडी कडेला घेतली. गॅरेजवाल्याने नीट न तपासताच सांगितलं, "पूर्ण कॉलम बदलावा लागेल." आकडा ऐकून कांद्याचा भाव आठवला. दुसरीकडे दाखवलं तर निघालं काय? बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरा थर आणि ढिला नट.

जुन्या गाड्यांत स्टिअरिंगला तेलाचा पंप मदत करायचा. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते काम विजेची मोटर करते. आपण किती जोर लावतो ते सेन्सर मोजतो आणि त्या हिशोबाने मोटरला करंट मिळतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना ती खूप करंट ओढते. व्होल्टेज पडलं की यंत्रणा मदत बंद करते आणि दिवा लावते. पण स्टिअरिंग ते चाकं हा लोखंडी जोड कायम असतो. जोर लावला की गाडी वळते, घाबरून हात सोडू नका.

घाटात उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे आपल्याकडे कमी नाहीत. अशा गाडीत ते जिवावर बेतेल. स्टिअरिंगची मदत जाते, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही जड होतो, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉकच होतं.

दिवा लागला तर सपाट जागी थांबून गाडी बंद करा, थोड्या वेळाने चालू करा. दिवा गेला तरी तपासणी कराच. विहिरीच्या मोटरसाठी घरात मल्टिमीटर असतो, तोच बॅटरीला लावा. गाडी बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ हवेत. चालू गाडीतही १२ च्या पुढे सरकत नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. टर्मिनल गरम पाणी, खायचा सोडा आणि जुन्या ब्रशने साफ होतं. निगेटिव्ह आधी काढायचं, लावताना शेवटी. मग फ्यूज बघा. गाडी कांदा चाळीजवळ उभी राहत असेल तर वायरी नक्की बघा, उंदीर सोडत नाहीत.

दिवा नाही पण स्टिअरिंग जड, तर आधी टायरची हवा. गाडी वळवताना स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून धरून ठेवलं तरी मोटर तापते आणि मदत कमी होते. थंड झाली की पूर्ववत.

एवढं करूनही दिवा येत असेल तर गाडी स्कॅन करून घ्या आणि एररचा कोड स्वतः बघा. कोडशिवाय मोटर किंवा कॉलम बदलायला हो म्हणू नका. कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकूनही बघा. जुलै २०२३ मध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी परत बोलावल्या होत्या. तो दोष मोटरचा नव्हता, पण अशा वेळी खराब भाग फुकट बदलून मिळतो.