नवलाची गोष्ट आणि तिची पारख

नवलाची गोष्ट ऐकावयास कोणाला आवडत नाही? चार मंडळी जमली, की ‘हे ठाऊक आहे का?’ म्हणून कोणीतरी एखादी सांगतो. ऐकणारे थक्क होतात, आणि ती त्यांच्या तोंडून पुढच्या दारी जाते. या प्रवासात तिला कधी पदरचे चार शब्द चिकटतात, तर कधी तिच्यातील अर्धे सत्य गळून पडते. म्हणून नवल वाटून झाल्यावर दोन प्रश्न विचारणे अगत्याचे असते : हे खरे आहे काय? आणि खरे असल्यास असे का झाले? एकट्या बंगळूर शहराच्या चार गोष्टी या कसोटीवर घासून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट नावाची. होयसळ राजा वीरबल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका म्हातारीने घुगऱ्या देऊन त्याची भूक भागविली, आणि राजाने त्या स्थळास ‘बेंद काळूरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव दिले, ही कथा सर्वतोमुखी आहे. परंतु शहराच्या दक्षिणेस बेगूर येथील देवळात एक शिलालेख आहे. तो इ. स. ८९० च्या सुमाराचा मानतात, आणि त्यात बंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे. दुसरा वीरबल्लाळ गादीवर आला ११७३ मध्ये. म्हणजे ज्याने नाव ठेवले म्हणून सांगतात, त्याच्या आधी पावणेतीनशे वर्षे ते दगडावर कोरलेले होते!

दुसरी गोष्ट मराठी मनाला जवळची. बंगळूर एके काळी मराठ्यांनी तीन लाख रुपयांस विकावयास काढले होते, हे ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखान व शहाजीराजे यांच्या स्वारीत हे शहर केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले गेले, आणि ते शहाजीराजांस जहागिरीत मिळाले. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरला स्थिरावले. इतक्या दुरून बंगळूर सांभाळणे जड जाऊ लागले, तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी सौदा ठरत आला. तो पुरा होण्यापूर्वीच जुलै १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखान याने शहर घेतले, आणि त्याच किमतीस ते म्हैसूरकरांना दिले. गोष्ट खरी, मात्र ताबा देणारा हात मोगलांचा होता.

तिसरी गोष्ट दिव्यांची. आशिया खंडात विजेचे दिवे प्रथम बंगळूरच्या रस्त्यांवर लागले, असे अभिमानाने सांगतात. तथापि टोकियोच्या गिंझा भागात विजेचा दिवा १८८२ मध्येच लागला होता. बंगळूरचे दिवे १९०५ च्या ऑगस्टमधले. पहिलेपणाचा मान गेला, तरी खरे नवल शिल्लक राहतेच. शिवनसमुद्र येथे कावेरीच्या धबधब्यावर वीजघर उभारले गेले, ते शहरासाठी नव्हे, तर कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. १९०२ मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर तारा टाकून वीज तेथे पोहोचली. शहरातील रस्त्यांना प्रकाश मिळाला तो त्यानंतर तीन वर्षांनी.

चौथी गोष्ट क्रिकेटची. १९८२ मध्ये बंगळूरच्या चिन्नस्वामी मैदानावर रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात मुंबईचे सुनील गावसकर चक्क डावखुऱ्या हाताने खेळले. काहींना ती चेष्टा वाटली. कारण पाहिले, तर तिच्यात विचार दिसतो. कर्नाटकाचा रघुराम भट हा डाव्या हाताने फिरकी टाकणारा गोलंदाज. खेळपट्टी फुटलेली, त्याचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर वळे व बॅटची कड घेई. डावखुऱ्याला तोच चेंडू आत येतो आणि पॅडने अडविता येतो. भटच्या गोलंदाजीवर डावरे आणि इतरांसमोर उजवे खेळून गावसकरांनी मुंबईचा निर्णायक पराभव टाळला. पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक अंतिम सामन्यात गेले, ते वेगळे.

चारही गोष्टी पारखल्यावर कोणतीच नीरस झाली नाही. म्हातारीच्या घुगऱ्यांची कथा कथा म्हणून गोडच राहिली, आणि तिच्याशेजारी एक हजार वर्षांहून जुना लेख येऊन बसला. लहान मूल ‘असे का?’ म्हणून मागे लागते, तेव्हा त्याला गप्प करण्यापूर्वी थोरांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ऐकीव माहितीचे ज्ञान होण्यास त्याच प्रश्नापासून आरंभ होतो.