बाह्य जालक केबल
बाह्य जालक केबल : मनोऱ्यावर किंवा गच्चीवर बसविलेल्या बिनतारी इंटरनेट संचाला संदेश व वीज एकत्र पुरविणारी केबल. हीत तांब्याच्या तारांच्या पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. पिळामुळे बाहेरील व्यत्ययाचे बव्हंशी निरसन होते. सलग लांबी १०० मी. पर्यंतच ठेवतात.

घरातील केबलीचे पॉलिव्हिनिल क्लोराइडाचे आवरण जंबुपार किरणांनी ठिसूळ होऊन तडकते व आत शिरलेले पाणी झिरपत खालच्या जोडणीपर्यंत पोहोचते. म्हणून काजळीमिश्रित पॉलिएथिलिनाचे आवरण निवडतात. जमिनीखाली जेल भरलेली केबल वापरतात.

तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमाच्या तारा स्वस्त खऱ्या. परंतु त्यांचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. २००३ च्या मानकात स्रोताशी १५·४ वॉट शक्ती दिल्यास तांब्याच्या १०० मी. केबलीतील घट वजा जाता १२·९५ वॉट संचास मिळतील, असे गृहीत धरले आहे. मुलाम्याच्या तारांत हे गणित बिघडते. तापमानाबरोबर रोध वाढत असल्याने संच भर उन्हात बंद पडतो आणि ठपका मात्र संचावरच येतो.

मनोऱ्यावर धातुपत्र्याचे परिरक्षण असलेली केबल घेतात. मात्र परिरक्षण भूसंपर्कित नसल्यास त्यावरील खर्च वाया जातो. तडित् संरक्षक वेगळा बसवावा लागतोच. थेट पडणाऱ्या विजेपुढे कोणतीही केबल टिकत नाही.