स्वायत्त एआय एजंट आणि सॉफ्टवेअरची सुरक्षित संरचना

स्वतः कोड लिहिणारे, तो चालवून पाहणारे व चुका दुरुस्त करणारे एआय एजंट सॉफ्टवेअर निर्मितीत रूढ होत आहेत. त्यांच्यापासूनचा धोका टाळण्यासाठी 'अमुक करू नये' असे त्यांना बजावले जाते. हा उपाय अपुरा का आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटने जेसन लेमकिन या उद्योजकाचा प्रत्यक्ष वापरातील डेटाबेस पुसून टाकला. कोणताही बदल करू नये, अशी स्पष्ट सूचना त्याला होती. परंतु पुसण्याचा अधिकारही त्याच्याच हाती होता. घटनेनंतर कंपनीने चाचणीचा व वापरातील डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. म्हणजे उपाय सापडला तो संरचनेत.

प्रश्न नवा नाही. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका कंपायलरची हकीकत नोंदविली आहे. त्याला आपली आकडेवारी लिहिण्यासाठी एका राखीव डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा होती. देयकांची फाइलही तिथेच होती. एका वापरकर्त्याने आपले आउटपुट ठेवण्यासाठी नेमके त्याच फाइलचे नाव दिले आणि कंपायलरने ती खोडून टाकली! वापरकर्त्याला तो अधिकार नव्हता, कंपायलरला होता. आपण कोणाच्या अधिकाराने लिहीत आहोत, हे मात्र कंपायलरला कळत नव्हते. एजंटची स्थिती याहून बिकट होय. त्याने वाचलेला मजकूर आणि त्याला दिलेली आज्ञा एकाच भाषेतून येतात. त्यामुळे परक्या फाइलमधील एखादी ओळही त्याला आज्ञा वाटू शकते.

खासगी माहितीपर्यंत पोहोच, अविश्वसनीय मजकुराचे वाचन आणि माहिती बाहेर धाडण्याची सोय या तिन्हींचा संयोग घातक असल्याचे सायमन विलिसन यांनी २०२५ मध्ये दाखविले. यांपैकी एक जरी काढून घेतली, तरी माहितीच्या चोरीची ही वाट बंद होते. यासाठी एजंटला कंटेनरमध्ये चालवावे, नेटवर्क ठरावीक पत्त्यांपुरते खुले ठेवावे आणि पासवर्ड त्याच्या हाती न देता मधल्या स्वतंत्र सेवेकडे ठेवावेत. कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व साल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडले होते.

प्रत्येक पायरीवर मनुष्याची संमती घेण्याचा मार्गही सुचविला जातो. त्यावर फार विसंबू नये, असे मला वाटते. शंभराव्या वेळी 'होय' दाबणारा मनुष्य वाचत नसतो. संमती मागावी ती डेटा पुसणे, कोड मुख्य शाखेत घेणे अशा मोजक्या, परत न फिरणाऱ्या अथवा दूरगामी कृतींसाठीच.